कळटोपी

आमच्या नवापुरात ‘टोपी’ हा शब्द जपून वापरावा. मी जपला नाही. मी मराठी टायपिंगचा क्लास चालवतो, ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत तालुक्यात माझा शब्द शेवटचा मानला जातो, निदान मी तरी मानतो. पण या दोन अक्षरी शब्दाने माझ्या मुलीचं लग्न ठरवलं, माझं आडनाव बदललं आणि माझी सगळ्यात लाडकी वस्तू खांडबाऱ्याला पाठवून दिली. सगळं सांगतो. माझं नाव नवनीत पाटील. हे लक्षात ठेवा, पुढे या नावापायी एक स्टॅम्पपेपर खर्ची पडणार आहे.

टायपिंग म्हणजे आवाज. पूर्वी क्लासात टाइपरायटर होते, तेव्हा स्टेशनवर उतरलेला माणूस पत्ता न विचारता नुसत्या आवाजाच्या मागे चालत यायचा. मग परीक्षा संगणकावर गेल्या, टाइपरायटर भंगारात गेले आणि ते चपटे काळे कीबोर्ड आले. त्यांच्यावर बोट ठेवलं की भिजवलेल्या पोह्यात ठेवल्यासारखं वाटतं. मी मुकाट्याने सोसलं. पुढे आमची काजल सुरतेला नोकरीला लागली आणि पहिल्या दिवाळीला तिने मला एक मेकॅनिकल कीबोर्ड आणून दिला. प्रत्येक कळीखाली वेगळी स्प्रिंग, दाबली की खट्. त्या दिवशी मला जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

एकावर भार नको म्हणून मी दुसरा घेतला. दुसऱ्याचा आवाज जरा जाड निघाला म्हणून तिसरा. माझी बायको प्रतिभा स्वयंपाकघरात असली तरी भिंतीपलीकडून सांगते, आता जाडा वाजला, आता बारका, आता तुमचं बोट त्या कोपऱ्यातल्या कळीवर गेलं. एवढे तिखट कान मी क्लासातल्या एकाही पोराला देऊ शकलो नाही.

या कीबोर्डांचं मर्म असं, की कळीवरचं झाकण उपटून तिथे दुसरं बसवता येतं. जगात काही माणसं ही झाकणं हाताने, एकेक करून घडवतात, आणि काही माणसं ती जमवतात. मी जमवणाऱ्यांच्या पंगतीतला. माझ्याकडे एका झाकणात मासे असलेलं तळं आहे, एकावर अळिंबी आहे, आणि एकावर कोंबडी आहे. नवापुरात एवढे पोल्ट्रीफार्म, इथल्या माणसाने कोंबडी नाही घ्यायची तर कोणी घ्यायची? किमतीचं विचारू नका. प्रतिभाने विचारलं नव्हतं तोपर्यंत घरात शांतता होती.

आता या वस्तूला म्हणायचं काय? ‘कीकॅप’ माझ्या तोंडी बसेना. कीबोर्डाला कळफलक हा चांगला मराठी शब्द आहे, तर त्याच्या टोपीला कळटोपी म्हणावं, असं मी ठरवलं. प्रतिभा म्हणाली, “कळफलक कसाना, कळलाव्या शे तो.” मी दुर्लक्ष केलं. बोलता बोलता कळटोपीची नुसती टोपी झाली, आणि इथेच घात झाला.

कारण टोपी म्हणजे खानदेशात काही साधं प्रकरण नाही. लग्न असो, वास्तुशांत असो, सोयऱ्याला पाटावर बसवायचं, कुंकू लावायचं, हातात नारळ-टावेल द्यायचा आणि डोक्यावर पांढरी टोपी ठेवायची. ती टोपी पुढे कोणी घालत नाही. ती कपाटात जाते, नाहीतर पुढच्या कार्यात दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. पण मिळाली नाही तर माणूस जन्मभर विसरत नाही. याचा दाखला माझ्याच घरात आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या वास्तुशांतीला एक टोपी कमी पडली. मी मोजून आणल्या होत्या, माझी काहीही चूक नव्हती, हे मी तेव्हापासून सांगत आलो आहे. पण कमी पडली ती नेमकी कोणाला, तर प्रतिभाच्या एकुलत्या एका भावाला. भाग्येश त्याचं नाव, खांडबाऱ्याला मिरचीचा व्यापारी. बहिणीसाठी आहेर घेऊन आलेला माणूस, त्याला नुसता नारळ आणि टावेल मिळाला. त्याने दोन्ही वस्तू ओट्यावर ठेवल्या आणि जोडे घातले. तेव्हापासून तो आला नाही. खांडबारा इथून रेल्वेने अर्ध्या तासावर आहे, पण प्रतिभा राखी पोस्टाने पाठवते. नंदुरबारला जाताना खांडबारा स्टेशन आलं की ती दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत बसते. मला ते बघवत नाही, पण टोपीवाचून आठ वर्षं रुसणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी काय?

तर बडोद्याला एक मराठी मुलगी आहे, ती अशा टोप्या घडवते. मागेल त्याला देत नाही, सोडत काढते. मी दोन वर्षं प्रत्येक सोडतीत नाव घालत होतो आणि प्रत्येक सोडतीत माझं नाव घरकुलाच्या यादीतल्या नावासारखं मागे राहत होतं. शेवटी या दिवाळीनंतर लागलं. मी तिला आपल्या नंदुरबारी मिरचीतली एक खुरटलेली, नखाएवढी लाल मिरची पाठवली. ती मिरची काचेसारख्या घट्ट रसात गोठवून त्याची टोपी करायची, आणि ती माझ्या सगळ्यात लाडक्या, जाड आवाजाच्या कीबोर्डावर, डाव्या कोपऱ्यातल्या एस्केपच्या कळीवर बसवायची, असा बेत होता. ओट्यावर उभं राहून मी तिला फोनवर बजावत होतो, “लाल दिसली पाहिजे. हाताने घडवलेली, आणि एकच. तशी दुसरी कोणाच्या घरी असता कामा नये. मानाची टोपी आहे, बाई.”

शेजारच्या ओट्यावर गिरधरआप्पा दात कोरत बसले होते. आप्पा निवृत्त तलाठी आहेत. सातबारा सोडला तरी नोंदी घ्यायची सवय गेलेली नाही.

“मानाची टोपी?” आप्पा म्हणाले. “लाल? व्याहीसाठे का?”

“आप्पा, ही डोक्याची टोपी नाही,” मी शुद्ध मराठीत सांगितलं. “ही कळीची टोपी आहे.”

“समजनं.” आप्पांचे डोळे भरून आले. “आपली कळी. आपली काजल. इतली मोठी व्हई गयी. पन नवनीत, माले सांगाले काय व्हयनं व्हतं? मी काय परका शे का?”

मी कीबोर्ड बाहेर आणला, झाकण उपटून दाखवलं, पुन्हा बसवलं. आप्पांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “ठरेपर्यंत सांगू नही. बराबर शे. मी कोनले सांगत नही.” संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या तीन बायकांनी प्रतिभाला मुलगा काय करतो म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी इद्रिसभाई आले. बाजारात त्यांचं टोपी-टावेलचं दुकान आहे, अर्ध्या तालुक्याचे सोयरे त्यांच्या टोप्यांनी झाकलेले आहेत. त्यांची मुलगी रिम्शा माझ्याच क्लासात शिकून परीक्षा पास झाली, त्यामुळे दोन्हीकडून मानाचा संबंध. ते खुर्चीच्या कडेवर बसले, चहाला नको म्हणाले, आणि हे मी फार मनाला लावून घेतलं.

“सर, तुम्हना वास्तूले टोप्या मन्हा दुकानन्या. आन आते पोरीना लगीनले बडोदाथाईन मागाडी ऱ्हायनात? माले एक डाव सांगतात. मी लाल बी दिधी असती.”

“इद्रिसभाई, लग्न नाहीच आहे.”

“ऱ्हाऊ द्या सर,” ते उठले. “धंदा शे, चालाचाच. पन माले वाईट वाटनं.” असं म्हणून ते गेले. न प्यालेला चहा मला गिळवेना, कारण तो माझ्याच हातचा होता.

तेवढ्यात काजलचा सुरतेहून फोन. “पप्पा, मुलगा कोण आहे तेवढं सांगून ठेवा. ऑफिसात रजा टाकावी लागते.” मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती इतका वेळ हसली की शेवटी मीच फोन ठेवला. बापाची अब्रू चालली आहे आणि मुलगी हसते, हे कुठल्या संस्कारात बसतं, मला माहीत नाही.

मग पार्सल आलं. आलं म्हणजे कुरियरच्या टपरीपर्यंत आलं. तिथल्या माणसाने माझं आधारकार्ड उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, “हे पाटील आहेत. पार्सल टोपीवाल्यांचं आहे.” बडोद्याच्या मुलीने फोनमध्ये माझं नाव ‘नवनीत टोपीवाले’ असं साठवलं होतं आणि डब्यावरही तेच घातलं होतं. मी म्हटलं, तो टोपीवाले मीच. तो म्हणाला, असं कोणीही म्हणेल. मी विचारलं, नवापुरात दुसरा कोण टोपीवाले आहे? तो म्हणाला, तेच तर, एकही नाही, म्हणून पार्सल परत जाणार. ज्या मिरचीसाठी दोन वर्षं थांबलो, ती माझ्यासमोर फळीवर पडली होती आणि हात लावायची सोय नव्हती. शेवटी त्याला दया आली. दोन्ही नावं एकाच इसमाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा, म्हणाला.

आप्पा टपरीबाहेरच उभे होते. का उभे होते, हे मी विचारलं नाही. “चाल,” ते म्हणाले. “तहसीलमा मन्हा ओळखना लिहिनार शे.” लिहिणाऱ्याकडे खांडबाऱ्याचे दोघे आधीच बसले होते. आप्पांनी मजकूर सांगायला सुरुवात केली आणि मी त्या माणसाच्या खांद्यावरून पाहत राहिलो. काय त्याचं शुद्धलेखन! कच्चा कागद छापून हातात आला तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी लाल पेन काढून एक वेलांटी बदलली, एक उकार खाली ओढला, ‘कार्यानिमीत्त’मधली दीर्घ ‘मी’ ऱ्हस्व केली, त्याला स्टॅम्पपेपरवर नव्याने छापायला लावलं आणि समाधानाने सही ठोकली. तो कागद त्याने शिरस्त्याप्रमाणे मोठ्याने वाचला तेव्हा मला अर्थ लागला.

“नवनीत पाटील व नवनीत टोपीवाले ही एकच व्यक्ती असून, सदर टोपी ही माझी मुलगी चि. सौ. कां. काजल हिच्या विवाहकार्यानिमित्त मागविली आहे.”

खांडबाऱ्याचे दोघे उठून माझ्याशी हात मिळवून गेले. मी आप्पांकडे पाहिलं. “कारन लिखनं पडस,” आप्पा म्हणाले. निमित्त मात्र बिनचूक लिहिलं गेलं होतं.

पार्सल मिळालं. घरी येऊन मी डबी उघडली. ती मिरची अशी लाल, की आत्ताच तोडून आणल्यासारखी. मी टोपी एस्केपवर बसवायला घेतली आणि पुन्हा डबीत ठेवली. रविवारी, अंघोळ करून, स्वस्थ मनाने बसवू, म्हटलं.

शुक्रवारी प्रतिभाचा फोन वाजला. तिने नाव पाहिलं आणि पदराला हात पुसून तो उचलला. भाग्येश बोलत होता. “अक्का, भाचीनं लगीन ठरनं आन मामाले बाजारमा कळस. रविवारले मी ई ऱ्हायनू.” बस, एवढंच. तिने फोन ठेवला आणि थेट डाळ निवडायला गेली.

मी मागे गेलो. “लग्न नाही, हे सांगितलंस का त्याला?”

“सांगसू. पहिले येऊ तर द्या त्याले.”

“अगं, आल्यावर कळलं तर तो जास्त चिडेल.”

ती माझ्याकडे वळली. डोळे ओले होते. “आठ वरीसमा तो पहिल्यांदा अक्का म्हनना. माले इतलं तरी पदरमा पाडी ल्यू द्या.” मी आवडता कीबोर्ड पुसायला घेतला, पण एकही कळ दाबली नाही. तिला आवाज नको होता, हे मलाही कळत होतं. तो आला, गोष्ट उघडी पडली आणि पुन्हा जोडे घालून गेला, तर यानंतर खांडबाऱ्याच्या दिशेने राखीसुद्धा जाणार नव्हती.

रविवारी भाग्येश आला, तो एकटा नाही. बायको, साडीचा डबा, मोठी पिशवीभर आहेर, वर एक पोतं मिरची. सगळं जीपमधून उतरवलं आणि स्वतः ओट्यावर बसला, आत येईना. प्रतिभा खापरावर मांडे टाकत होती, तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. त्याने मान खाली घातली. गिरधरआप्पा आले. इद्रिसभाईही आले, बगलेत टोप्यांचा गठ्ठा. आप्पांनीच सांगून ठेवल्या होत्या, म्हणे, ऐनवेळी कमी नकोत.

“पाव्हना,” भाग्येश म्हणाला, “एकच सांगा. माले काबर नही सांगं?”

मी सगळं सांगितलं. कळफलक, कळ, कळीची टोपी, बडोदा, सोडत, प्रतिज्ञापत्र. शुद्ध मराठीत सुरुवात केली आणि घाम फुटला तसा अहिराणीत आलो. “लगीन नही शे भाऊ. कोनंच नही शे.”

भाग्येश उठला.

“तवय टोपी दिधी नही,” तो म्हणाला, “आन आते टोपी घाली दिधी.”

वाक्य चांगलं होतं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी दाद दिली असती. तो जोडे शोधू लागला. त्याची बायको आहेराची पिशवी उचलू की नको अशी उभी. इद्रिसभाईंनी घाईने गठ्ठा सोडला. “सेठ, एक घाली ल्या. मन्हा कडथाईन.”

“आठ वरीसनी टोपी आसी गठ्ठामाईन निंघस का?” भाग्येशने गठ्ठा बाजूला सारला. मग तो माझ्याकडे वळला. “ती लाल कोठे शे? खांडबारामा गाजी ऱ्हायनी ती. हातनी घडेल, एकच. मानाची. ती कोनासाठे मागाडी पाव्हना? खरं सांगा.”

मी खरं सांगायला तोंड उघडलं.

“तुन्हासाठे,” प्रतिभा म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती भावाकडे बघत होती, पिठाचे हात तसेच पुढे धरून. “तू मिरचीना व्यापारी, म्हनीसन मिरचीनी टोपी. जा, लई या ना,” हे मला.

मी आत गेलो. डबी टेबलावर होती. शेजारी जाडा कीबोर्ड, एस्केपची कळ उघडी करून ठेवलेली, टोपीची वाट बघत. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन वर्षं मी सोडती हरलो होतो आणि जिंकल्यावर ती टोपी एकदाही वाजवली नव्हती. मनात आलं, निदान एकदा बसवून दाबून बघावी. पण बाहेर सगळे थांबले होते, आणि प्रतिभाच्या कानांपासून काही लपत नाही.

पाट मांडला. भाग्येशला बसवलं. कुंकू लावलं, नारळ दिला, इद्रिसभाईंचा टावेल दिला, आणि त्या टावेलवर डबी उघडून ठेवली. डबीवरचा हात मला लवकर काढवेना. सगळ्यांना वाटलं, मेहुण्याचं प्रेम.

भाग्येशने टोपी चिमटीत धरून उन्हाकडे केली. आतली मिरची पेटल्यासारखी दिसली. “अक्का,” तो म्हणाला, “आपला खयामा आसी पडी राहे. बाबा फेकू देयेत नही.” मिरची वाळवायच्या खळ्यात बहीणभाऊ काय काय वेचत असतील, मला काय ठाऊक. प्रतिभा पुढे झाली आणि पिठाच्या हातांनीच तिने त्याचं तोंड धरलं. दोघं रडली. मीही रडलो. माझं कारण वेगळं होतं, पण त्या गर्दीत ते खपून गेलं.

जेवायला बसल्यावर भाग्येशने विचारलं, “पन पाव्हना, हाई घालानी कोठे?” मी सांगितलं, साध्या कीबोर्डावर ही बसत नाही, तिला मेकॅनिकल लागतो. आणि लगेच माझं मला कळलं की मी काय बोललो. प्रतिभाने भावाच्या ताटात दुसरा मांडा वाढला आणि म्हणाली, “तो जाडा लई जाय.” अशा रीतीने टोपीपाठोपाठ माझा कळफलकही जीपमध्ये चढला.

सगळं गोड झालेलं पाहून गिरधरआप्पांना राहवेना. त्यांनी दुधाची वाटी खाली ठेवली. “आते सांगाले हरकत नही,” ते म्हणाले. “वास्तूले मी दोन टोप्या लिधेल व्हत्यात. एक आंडोरसाठे.” म्हणजे एक स्वतःला आणि एक मुलाला! मी आठ वर्षं सांगत होतो ना, मी मोजून आणल्या होत्या! पण त्या वेळी ते ऐकायला कोणाला वेळ नव्हता. भाग्येश इतका हसला की त्याला ठसका लागला आणि त्याने स्वतःच्या हाताने आप्पांना मांडा वाढला.

आता आम्ही दर रविवारी खांडबाऱ्याला जातो. स्टेशन यायच्या आधीच प्रतिभा पिशवी घेऊन दाराशी उभी असते. ती भावजयीबरोबर आत जाते आणि मी भाग्येशच्या पेढीवर बसून त्याची बिलं टाइप करून देतो. हो, त्याच जाड्या कीबोर्डावर. डाव्या कोपऱ्यात मिरची आहे. भाग्येशने तिला हळदकुंकू लावलंय, आणि मानाची टोपी म्हणून तिच्यावर बोट ठेवायची कोणाला परवानगी नाही. नोकराला नाही, मुनिमाला नाही, मला तर नाहीच.

गेल्या रविवारी भाग्येश पोती मोजायला मागे गेला. आत प्रतिभा आणि तिची भावजय कशावर तरी मोठमोठ्याने हसत होत्या. मी इकडेतिकडे पाहिलं. पेढीवर कोणी नव्हतं. मी बोट पुढे नेलं आणि अगदी हळू, एकदाच, दाबली.

खट्.

आतलं हसणं थांबलं.

“हात काढा,” स्वयंपाकघरातून प्रतिभा म्हणाली. “मन्हा भाऊनी टोपी शे ती.”

मी हात काढला.